कावळ्याचा दात

राय फुलते तेव्हा फूल असं दिसत नाही.
ओंबीतून पिवळे केसर लोंबतात नुसते,
वारा आला की चुलीवरच्या धुरासारखा पराग उठतो
आणि आमचा सगळा उतार तेवढ्यापुरता धूसर होतो.

नेमकी तेव्हाच ती येते.
गेल्या सुगीला मातीत राहून गेलेल्या काळ्या शिंगाला
हिवाळा पचवून कोंब फुटलेले असतात,
टाचणीच्या डोक्याएवढे, जांभळट.
त्यांच्यातून उडालेली भुकटी
परागाच्याच वाटेनं, परागाचंच सोंग घेऊन
फुलात उतरते.
फूल दार उघडतं. त्याला वाटतं, आपलाच माणूस.

खाली चर्चमध्ये पाद्री कोरड्या हवेसाठी प्रार्थना सांगतो.
मी, एरुंदिना, गाव मोठं नाही, सगळे ओळखतात,
सगळ्यांच्या आवाजात आवाज मिसळून आमेन म्हणते
आणि मनात धुकं मागते.
जून दमट गेला तरच माझी टोपली भरते.

मग ओंबीला घाम सुटतो, चिकट, गोड.
लहानपणी एकदा बोट लावून चाटला होता,
आईनं फाडकन थोबाडीत दिली.
जिभेवर दोन्ही अजून आहेत.
माश्या येतात, पितात,
पुढचे पाय एकमेकांवर घासतात, सावकाराच्या कारकुनासारखे,
आणि दुसऱ्या ओंबीवर जाऊन बसतात.
पायाला काय चिकटलंय, ते त्यांना कोण सांगणार?
मला तरी कुणी सांगितलं होतं,
मी विगोच्या दलालाकडे पोतं नेते
ते पुढे कुठे जातं?

ऑगस्टात दाण्याच्या जागी शिंग.
दाण्याहून लांब, काळं, किंचित वाकलेलं.
आम्ही त्याला कावळ्याचा दात म्हणतो.
कावळ्याला दात नसतात, आम्हालाही माहीत आहे.

राय मालकाची, दात वेचणाऱ्याचे,
कारण मालकाला वाटायचं, बाया फुकटात धान्य निवडून देतात.
मग एका वर्षी त्याला भाव कळला.
त्या वर्षापासून बांधावर कुत्रं आहे.

चॅपेलच्या भिंतीवर एक जुना माणूस रंगवलाय,
बोटं कोळशासारखी काळी, पायांतून ज्वाळा.
कुठल्याशा दुष्काळात न निवडलेल्या पिठाची भाकरी
गावच्या गावानं खाल्ली, म्हणतात.
आणि डेल्फिनाचं रक्त थांबेना त्या रात्री
बाल्बिना सुईणीनं अंगुस्तान काढलं,
शिवणाचं, पितळी,
त्यात तळाला जेमतेम झाकेल एवढी काळी पूड.
"याहून कमी, तर बाई जाते," ती म्हणाली.
याहून जास्त झालं तर काय, ते तिनं सांगितलं नाही.
ओढ्यापलीकडच्या एका घरासमोरून
ती अजूनही मान खाली घालून जाते.
डेल्फिना जगली. चीज विकते, भांडखोर आहे.

दलाल शिंग मोडून बघतो.
आत पांढरं, जांभळट कड, तर माल चांगला.
काहींवर गुलाबी लव चढलेली असते,
दुसरीच कुठली बुरशी, या बुरशीला खाणारी.
ती तो बाजूला फेकतो, शिवी देऊन.
मला मात्र बघत राहावंसं वाटतं:
रायच्या जिवावर ही, हिच्या जिवावर ती,
आणि माझा सेनेन शाळेत जातो
तो यांतल्या नक्की कुणाच्या जिवावर?

संध्याकाळी उतारावरून परतताना
कुत्र्याला भाकरीचा तुकडा टाकते.
तो खातो तेवढ्यात
खिशाचं टोक उलटं होतं माझ्या
आणि मूठभर दात नांगरटीत सांडतात.
चुकून.
दरवर्षी, याच कोपऱ्यात,
जिथे ओढ्याचं धुकं उशिरापर्यंत बसून असतं.